आधी पाणी, मग फूल

(समुदाय रेडिओवर झालेल्या भाषणाचा मजकूर. वक्त्या सिंधुदुर्ग जिल्ह्यातील एका महिला बचत गटाच्या सदस्य आहेत.)



मागच्या महिन्यात गांडूळखत आणि परसातली कोंबडी या विषयांवरची भाषणे आपण ऐकली. आज मी ज्याबद्दल बोलणार आहे ते ऐकून काही जणी हसतील. हसा, माझी हरकत नाही. माझ्या सासूबाईसुद्धा हसल्या होत्या. मी काचेची टाकी घरात आणली तेव्हा त्या म्हणाल्या, "दर्या दारात आसा, तो घरात कित्याक आणतंस गो?"

मी घरच्या टाकीत समुद्रफुले वाढवते. एकाची दोन, दोनाची चार करते आणि विकते. हे काम कसे करायचे ते सांगतेच, पण त्याआधी ते कसे करायचे नाही ते सांगते, कारण पहिल्यांदा मी सगळे चुकीचेच केले होते, आणि तेही गटाच्या पैशावर.

समुद्रफूल म्हणजे काय, ते आधी सांगते. किनाऱ्यावरच्या बायकांनी ते पाहिलेले असते. ओहोटीला कालवे काढायला गेलो की कातळातल्या डबक्यात फुलासारखे काहीतरी हलत असते, बोट लावले की आत ओढून घेते. तेच समुद्रफूल. इंग्रजीत त्याला सी ॲनिमोन म्हणतात. नाव फुलाचे असले तरी तो प्राणी आहे. प्रवाळ आणि जेलीफिश यांच्या नात्यातला. खाली पाय असतो, त्याने तो दगडाला धरून बसतो. वर मधोमध तोंड आणि तोंडाभोवती बोटांसारख्या शुंडा. त्या शुंडांत विषाच्या बारीक कुप्या असतात, त्यांनी तो भक्ष्याला सुन्न करतो. खायला आणि घाण टाकायला त्याला एकच वाट असते, ती म्हणजे तोंड.

मी वाढवते ती जात आपल्या कातळावरची नाही. तिला बबल टिप म्हणतात, कारण शुंडांची टोके फुग्यासारखी फुगतात. ही जात उबदार समुद्रातल्या प्रवाळांच्या आसपास राहते. केशरी-पांढऱ्या पट्ट्यांचा क्लाऊनफिश तिच्यात घर करतो. २००३ साली आलेल्या ‘फाइंडिंग निमो’ या सिनेमामुळे मुले त्याला निमोच म्हणतात. समुद्रफुलाचा डंख या माशाला बाधत नाही. मासा फुलाला खायला घेऊ येणाऱ्या माशांना हुसकावतो आणि फूल माशाला आसरा देते. शहरात घरी समुद्राच्या पाण्याची टाकी ठेवणारे हौशी लोक ही जोडी विकत घेतात.

२०१९ च्या दिवाळीआधी मी गटातून २० हजार रुपये अंतर्गत कर्ज घेतले. तीन फूट लांब, दीड फूट रुंद, दीड फूट उंच अशी टाकी आणली. काठोकाठ भरली तर तिच्यात १९० लिटर पाणी मावते. दिवा घेतला, पाणी फिरवायचा पंप घेतला. विकणारा म्हणाला, आठ दिवसांत टाकी तयार. मी दहाव्या दिवशी दोन समुद्रफुले आणि दोन मासे सोडले. तीन दिवस घरात जत्रा. शेजारपाजारची पोरे काचेला नाक लावून उभी. चौथ्या दिवशी एक फूल जागेवरून सुटले, पंपाकडे वाहत गेले आणि त्याच्या जाळीत ओढले गेले. रात्रभरात त्याच्या चिंध्या झाल्या. सकाळी पाणी दुधासारखे पांढरे आणि वास असा की दारात उभे राहवेना. संध्याकाळपर्यंत दुसरे फूल आणि दोन्ही मासे मेले.

पुढच्या शनिवारी गटाची बैठक होती. मी सगळे खरे सांगितले. अध्यक्षा ताई एवढेच म्हणाल्या, "हप्ता कसा देणार ते सांग. आणि चूक कुठे झाली ते शोधून आम्हालाही सांग." हप्ते मी कोकम आगळ विकून फेडले. चूक कुठे झाली, ते आज तुम्हाला सांगते आहे.

चूक पंपाची नव्हती. चूक घाईची होती.

मैत्रिणींनो, टाकीतले पाणी म्हणजे नुसते खारे पाणी नव्हे. मासे आणि फुले त्यातच खातात, त्यातच घाण करतात. त्या घाणीतून अमोनिया तयार होतो. गोठा दोन दिवस साफ केला नाही की डोळ्यांना झोंबणारा वास येतो ना, तोच हा अमोनिया. समुद्र अफाट आहे, तिथे तो पसरून जातो. टाकीत तो साठतो आणि जीव घेतो. पण निसर्गात काही सूक्ष्म जिवाणू असतात. एक प्रकारचे जिवाणू अमोनियाचे नायट्राइट करतात. तेही विषारीच. दुसरे त्या नायट्राइटचे नायट्रेट करतात, ते पुष्कळ सौम्य. हे जिवाणू दगडांवर, काचेवर, गाळणीच्या स्पंजवर वस्ती करतात. ती वस्ती बसायला साधारण चार ते सहा आठवडे लागतात.

दुधाला विरजण लावले की लगेच दही होते का? झाकून ठेवतो, हलवत नाही, वाट पाहतो. टाकीचेही तसेच. चालू असलेल्या, निरोगी टाकीतला वापरलेला स्पंज कुणी दिला तर तो विरजणासारखा उपयोगी पडतो. पण वाट पाहावीच लागते. आणि समुद्रफुलासाठी सहा आठवडेही पुरत नाहीत. मासा तेवढ्यात सोडता येतो, समुद्रफुलाला मात्र सहा महिने तरी मुरलेली टाकी लागते.

मला ही वाट पाहायला टाळेबंदीने शिकवले. जानेवारी २०२० मध्ये मी टाकी पुन्हा भरली. मार्चमध्ये सगळे बंद झाले. फूल आणणार कुठून? टाकी नुसती चालू ठेवली. आधी दगडांवर तपकिरी थर आला, मग हिरवे शेवाळ आले, मग तेही कमी झाले. नोव्हेंबरमध्ये पहिले फूल सोडले तेव्हा टाकी दहा महिन्यांची झाली होती. ते फूल अजून माझ्याकडे आहे.

आता कृती सांगते. वही-पेन असेल तर घ्या.

पहिली गोष्ट पाणी. समुद्राच्या पाण्यात एका लिटरला सुमारे ३५ ग्रॅम क्षार असतात. तेवढेच टाकीत हवेत. मोजायला रिफ्रॅक्टोमीटर नावाचे नळीसारखे यंत्र मिळते. थेंब टाकायचा आणि डोळ्याला लावून आकडा वाचायचा. किनाऱ्यावरच्या बायकांनी समुद्राचे पाणी वापरावे, पण ते भरतीला घ्यावे, खाडीच्या मुखापासून आणि जेटीपासून लांब घ्यावे. जेटीजवळच्या पाण्यात डिझेल असते. मी फेब्रुवारी ते एप्रिलमध्ये पाणी आणते, कापडाने गाळते आणि प्लास्टिकच्या झाकलेल्या पिंपात अंधारात दोन आठवडे ठेवून मग वापरते. पावसाळ्यात किनाऱ्याचे पाणी गढूळ आणि पातळ होते, ते घेऊ नये. तेव्हा बाजारात मिळणारे समुद्री क्षार आरओच्या पाण्यात कालवायचे. जेवणातले मीठ चालत नाही. त्यात मुख्यतः एकच क्षार असतो. समुद्राच्या पाण्यात मॅग्नेशियम, कॅल्शियम आणि आणखी बरेच काही असते.

एक गोष्ट नेहमी चुकते. टाकीतले पाणी उडून जाते, पातळी खाली येते. मग बाई काय करते, वरून खारे पाणी ओतते. तसे करू नका. आपल्या शिरोड्याच्या मिठागरांत काय होते? पाणी उडते, मीठ मागे राहते. टाकीतही क्षार मागे राहतात. म्हणून उडालेल्या पाण्याच्या जागी गोडे, आरओचे पाणीच घालायचे. खारे पाणी फक्त पाणी बदलताना. मी दर आठवड्याला दहावा हिस्सा पाणी काढते आणि तेवढेच नवे घालते.

दुसरी गोष्ट भांडी. आपल्या घरात तांब्या-पितळेचे हंडे, घागरी असतात. टाकीच्या पाण्याला ते कधीही लावू नका. तांबे समुद्रफुलाला विष आहे. माशांच्या काही औषधांतही तांबे असते, ती समुद्रफुले असलेल्या टाकीत घालायची नाहीत. टाकीचा मग, बादली, पिंप, सगळे प्लास्टिकचे आणि वेगळे. त्याला साबण लावायचा नाही. डास मारायचा फवारा त्या खोलीत मारायचा नाही, कारण हवेचा पंप खोलीतली हवा ओढून पाण्यात सोडतो.

तिसरी गोष्ट बसायची जागा. समुद्रफुलाला पाय घट्ट रोवायला फट लागते. मी तळाला वाळू घातली नाही. फुटलेली मातीची कौले घेतली, उकळली, आठवडाभर पाण्यात ठेवली, ब्रशने घासली आणि एकमेकांवर रचली. मधल्या फटीत फुले छान बसतात. पुढे विकायच्या वेळी फूल ओढून काढावे लागत नाही, कौलाच्या तुकड्यासकट देता येते. पाय फाटला तर फूल बहुधा वाचत नाही, म्हणून ही सोय मोठी.

चौथी गोष्ट उजेड आणि ऊब. समुद्रफुलाच्या अंगात अतिसूक्ष्म शैवाल राहते. ते उजेडात अन्न तयार करते आणि त्यातला वाटा फुलाला देते. म्हणून चांगला, टाकीसाठीचा एलईडी दिवा दिवसाला आठ ते दहा तास लागतो. नेहमीचा घरातला बल्ब पुरत नाही. पाणी २५ ते २८ अंश असावे. आपल्या मे महिन्यात ते सहज वर जाते. मी पाण्यावर छोटा पंखा लावते. पाणी उडते आणि दोन-तीन अंश उतरते. मग गोडे पाणी भरायचे.

पाचवी गोष्ट विजेची. खारे पाणी आणि वीज एकत्र म्हणजे जिवाशी खेळ. टाकीच्या बोर्डाला गळती होताच वीज तोडणारे यंत्र इलेक्ट्रिशियनकडून बसवून घ्या. वायर सॉकेटच्या खाली झोळ देऊन मग वर न्या, म्हणजे ओघळ सॉकेटमध्ये जाणार नाही. पाण्यात हात घालण्याआधी बटण बंद करायचे. माझ्या घरात हा नियम मुलांनाही आहे आणि घरधन्यालाही आहे. पंपाच्या तोंडाला जाड स्पंज किंवा बारीक जाळी बांधायची. पहिले फूल मी त्यापायीच गमावले.

आता फूल विकत घेताना काय बघायचे? तोंड घट्ट मिटलेले हवे. तोंड सताड उघडे, आतले बाहेर आलेले, अंगाला वास, असे फूल फुकट मिळाले तरी घेऊ नका. पांढरेशुभ्र फूल दिसायला सुंदर, पण त्याच्या अंगातले शैवाल निघून गेलेले असते. ते उपाशी असते. भडक पिवळ्या रंगाची काही फुले तर रंग देऊन विकतात. तपकिरी किंवा हिरवट झाक असलेले, बोटाला चिकटणारे फूल निरोगी. हातमोजे मात्र घाला. डंख बहुतेकींना नुसता चुरचुरतो, पण एखादीला त्रास होऊ शकतो. आणि तोच हात डोळ्याला लावू नका. शक्य असेल तर दुसऱ्या कुणाच्या टाकीत वाढलेले फूल घ्या. ते टाकीला सरावलेले असते.

खाणे अगदी थोडे. आठवड्यातून एकदा, फार तर दोनदा, कोळंबीचा तुकडा. केवढा? फुलाच्या तोंडापेक्षा लहान, मटाराच्या दाण्याएवढा. सासूबाईंना हे पटायचे नाही. "एवढ्याशान पॉट भरता काय?" म्हणून त्या माझ्या नकळत अख्खी कोळंबी घालायच्या. फूल ती दुसऱ्या दिवशी ओकून टाकायचे आणि पाणी बिघडायचे. आता त्यांच्याकडेच खाण्याचे काम दिले आहे, आणि त्या माझ्यापेक्षा काटेकोर आहेत.

फूल मध्येच आक्रसून लिंबाएवढे होते, तपकिरी चिकट काही बाहेर टाकते. घाबरू नका, ते पोट साफ करत असते. काही तासांत पुन्हा फुलते. पण ते विरघळू लागले, तुकडे सुटू लागले, वास आला, तर क्षणभर थांबू नका. लगेच बाहेर काढा. एक मेलेले फूल सगळी टाकी मारते.

आता वादळाची गोष्ट. मे २०२१ मध्ये तौक्ते वादळ आपल्या किनाऱ्याजवळून गेले. आमच्या वाडीत वीज गेली ती चौथ्या दिवशी आली. तेव्हा माझ्याकडे इन्व्हर्टर नव्हता, सेलवर चालणारा हवेचा पंपही नव्हता. पंप बंद झाला की पाण्यात हवा मिसळत नाही, जीव गुदमरतात. मी आणि सासूबाई आळीपाळीने बसलो. मगाने पाणी उचलायचे आणि हातभर वरून परत टाकीत सोडायचे, धार मोडत. अर्ध्या तासाने पुन्हा. रात्री मी, पहाटे त्या. बाहेर माड मोडत होते आणि आम्ही सासू-सून एका फुलासाठी मग घेऊन बसलो होतो. त्या चार दिवसांत टाकीत खायला काही घातले नाही. फूल वाचले, दोन्ही मासेही वाचले.

पुढे एका प्रशिक्षणात मी एक गोष्ट ऐकली आणि मला त्या रात्री आठवल्या. इंग्लंडमध्ये ॲना थिन नावाची एक बाई होती, लंडनच्या एका मोठ्या धर्मगुरूची पत्नी. १८४६ साली तिने टॉर्की या किनाऱ्यावरच्या गावातून समुद्रफुलाच्या नात्यातले छोटे प्रवाळ घरी आणले. वाटेत ते आपटू नयेत म्हणून सुई-दोऱ्याने स्पंजला शिवून घेतले. लंडनला समुद्र नाही, वीज तर तेव्हा नव्हतीच. मग काय केले? उघड्या खिडकीसमोर उभे राहून ते पाणी रोज एका भांड्यातून दुसऱ्या भांड्यात ओतायचे, अर्धा-पाऊण तास. ते काम बहुतेक तिची मोलकरीण करायची. पुढे तिने त्यात समुद्री शेवाळ घातले आणि पाणी टिकू लागले. समुद्राचे पाणी घरात जास्त काळ जिवंत ठेवणाऱ्या पहिल्या माणसांत तिचे नाव घेतात. मोलकरणीचे नाव काही मला कुणी सांगितले नाही. पण सासूबाईंना ही गोष्ट सांगितली तेव्हा त्या म्हणाल्या, "तिका इचार म्हणावा, हात किती दुखतत ते."

आता मुख्य गोष्ट, एकाची दोन कशी होतात. बबल टिप मनाने दुभागते. केळीला मुनवे फुटतात तसे नाही. हे फूल आपल्या पायाच्या दोन बाजूंनी दोन दिशांना चालू लागते, मध्ये ताणत जाते आणि फाटते. दोन्ही अर्धे मिटून गोल होतात, जखम भरते, नवे तोंड तयार होते. माझे फूल सप्टेंबर २०२१ मध्ये पहिल्यांदा दुभागले. सकाळी उठून बघते तर कौलाच्या दोन बाजूंना दोन. आनंदाने मी बैठकीला पेढे नेले होते.

हातानेही कापता येते. पण ऐका, टाकीला वर्ष होण्याआधी आणि फूल वीतभर मोठे, धष्टपुष्ट होण्याआधी कापू नका. नव्याने आणलेले किंवा आजारी फूल तर कधीच नाही. आधी हातमोजे घाला. स्वच्छ प्लास्टिकच्या पाटावर फूल ठेवायचे. नवे, धारदार पाते घ्यायचे आणि तोंडाच्या मधोमध, वरून थेट पायापर्यंत, एकाच फटक्यात चिरायचे. करवतीसारखे मागेपुढे करायचे नाही. दोन्ही भागांत तोंडाचा वाटा आला पाहिजे आणि पायाचाही. मग दोन्ही भाग भोके पाडलेल्या प्लास्टिकच्या डब्यात, संथ पाण्यात, कौलाच्या तुकड्यांवर ठेवायचे. चिकट स्राव सुटतो, म्हणून दुसऱ्या दिवशी पाणी बदलायचे. आठ-दहा दिवसांत चीर मिटते. तोंड नीट दिसेपर्यंत खायला द्यायचे नाही. पुढे काही महिने त्याला वाढू द्यायचे. मी २०२२ मध्ये पहिल्यांदा कापले तेव्हा हात थरथरत होता. चीर वाकडी गेली. एक अर्धा भाग जगला, दुसरा तिसऱ्या दिवशी विरघळला. आता मी बहुतेक वेळा कापत नाही, मनाने दुभागू देते.

सगळीच समुद्रफुले अशी वाढत नाहीत. गालिच्यासारखी पसरणारी मोठी जात टाकीत सहसा दुभागत नाही. ती घेऊन बसू नका.

आता हिशोब. मैत्रिणींनो, खोटे सांगणार नाही. पहिल्या नुकसानीसकट, इन्व्हर्टरसकट, माझे ४६ हजार रुपये गेले. वीज, क्षार, खाणे मिळून वर्षाला सुमारे ६ हजार लागतात. २०२२ मध्ये मी ७ फुले विकली, ५,६०० रुपये आले. म्हणजे वरचा खर्चही निघाला नाही. २०२३ मध्ये ११ विकली, ८,८०० आले. २०२४ मध्ये १४ विकली, १२,६०० आले. खर्च जाऊन त्या वर्षी ६,६०० हातात राहिले. घातलेले भांडवल अजून वसूल झालेले नाही. शहरातल्या दुकानात हेच फूल दुप्पट-तिप्पट भावाने जाते, पण दुकानदार आपल्याला तो भाव देत नाही, आणि गिऱ्हाईक रोज येत नाही.

म्हणून माझे सांगणे असे. हा जोडधंदा आहे, मुख्य धंदा नव्हे. यासाठी कर्ज काढू नका, निदान पहिली दोन वर्षे नाही. "टाकी आमच्याकडून घ्या, पिल्ले आम्हीच परत विकत घेऊ" असे कुणी दारात येऊन सांगितले तर आपल्याकडची इमूपालनाची गोष्ट आठवा. देशावरच्या बायकांनी, जिथे समुद्र लांब आहे, आधी गोड्या पाण्यातले गप्पी, मोली यांसारखे शोभेचे मासे करून पाहावेत. त्यात खर्च कमी आणि पाणी मुरवण्याची अक्कल तीच लागते.

शिकायचे असेल तर मार्ग आहेत. केंद्रीय सागरी मत्स्य संशोधन संस्थेने क्लाऊनफिशची पैदास बंदिस्त पाण्यात करून दाखवली आहे. आपल्या राज्याच्या कांदळवन कक्षाचे ऐरोलीला समुद्री शोभेच्या माशांचे पैदास केंद्र आहे. लक्षद्वीपच्या अगत्ती बेटावर राष्ट्रीय मत्स्य आनुवंशिक संसाधन ब्युरोने तिथल्या महिलांना शोभेच्या कोळंब्या वाढवायला शिकवले आहे. त्यातली एक जात समुद्रफुलातच राहते. २०२० साली सुरू झालेल्या प्रधानमंत्री मत्स्य संपदा योजनेत परसातल्या शोभेच्या माशांच्या युनिटला मदत ठेवलेली होती आणि महिलांसाठी अनुदान ६० टक्क्यांपर्यंत होते. आता काय चालू आहे, ते मत्स्य व्यवसाय विभागाच्या कार्यालयात स्वतः जाऊन विचारा, आणि एकटी जाऊ नका, गटाने जा.

आणखी एक. दर्या दारात आहे म्हणून कातळावरची फुले, प्रवाळ उचलून आणू नका. प्रवाळ, समुद्रपंखे, समुद्रघोडे, समुद्रकाकड्या यांना वन्यजीव कायद्याने संरक्षण आहे, ते काढणे गुन्हा आहे. मालवणला १९८७ पासून सागरी अभयारण्य आहे. पण कायद्याचे राहू दे. त्याच कातळावर आपण कालवे काढतो, आपल्या लेकीसुनाही काढणार आहेत. एका फुलाची टाकीत दहा होत असतील तर समुद्रातले अकरावे कशाला आणायचे? माझ्या लेखी या धंद्याचा खरा फायदा हाच आहे.

जाता जाता एक गंमत. क्लाऊनफिशची सगळी पिल्ले आधी नर असतात. टोळीत जी सर्वांत मोठी, ती मादी होते आणि टोळी तिच्या धाकात चालते. ती मेली की तिचा जोडीदार नर मादी होतो आणि कारभार हातात घेतो. हे मी बैठकीत सांगितले तेव्हा आमच्या अध्यक्षा ताई म्हणाल्या, "मग त्यांच्यातही बचत गट आहे म्हणायचा."

त्याच ताईंनी मला चूक शोधून सांगायला सांगितले होते. ताई, पाच वर्षे लागली, पण आज सांगितले. आता गटातल्या दोघी जणी टाक्या लावत आहेत. दोघींच्या टाक्यांत सध्या फक्त पाणी आहे. कुणी विचारले, यात काय आहे, की त्या सांगतात, मुरत घातलंय. बरोबर करत आहेत.